झोपेविषयी चिनी वैद्य काय विचारतो?

निद्रेविषयीच्या तक्रारी सामान्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिली, झोप लागतच नाही. दुसरी, झोप लागते, परंतु रात्रभर स्वप्ने पडत राहतात आणि सकाळी उठल्यावर कोठे तरी दूरवर पायपीट करून आल्यासारखा शीण जाणवतो. पहिली तक्रार घेऊन माणूस डॉक्टरांकडे जातो. दुसरी मात्र तो बहुधा कोणापाशी बोलत नाही. बोललाच तर घरातील तरुण मंडळी ती हसण्यावारी नेतात, नाही तर एखादी वडीलधारी व्यक्ती स्वप्नाचे शुभाशुभ फळ सांगू लागते. थकवा मात्र जेथल्या तेथेच राहतो.

चिनी वैद्यकात या दोन तक्रारींचा उच्चार पुष्कळदा एका दमात केला जातो. ‘श-म्यन’ म्हणजे निद्रा हरपणे आणि ‘तो-मंग’ म्हणजे स्वप्ने फार पडणे. चिनी वैद्याच्या दृष्टीने या एकाच घरातील दोन व्यथा होत. स्वप्ने फार पडतात असे सांगणाऱ्या रोग्याकडे पाहून तो हसत नाही. तो स्वप्नाचे फळही सांगत नाही. तो त्याची जीभ पाहतो, मनगटावर तीन बोटे ठेवून नाडी पाहतो आणि जेवण, घाम, राग, काळजी, मलशुद्धी यांविषयी एकामागून एक प्रश्न विचारतो.

या प्रश्नांचा परिचय करून द्यावा, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. औषधे सुचविण्याचा नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. चिनी वैद्यकातील काढ्यांची नावे पुढे येतील, परंतु ती केवळ विचारपद्धती कळावी म्हणून. या प्राचीन विद्येपासून सामान्य कुटुंबाने घेण्यासारखे जे आहे, ते तिच्या औषधांच्या पेटीत नसून तिच्या चौकशीत आहे, असे आम्हांस वाटते.

शब्दांची अडचण

परकीय शास्त्र आपल्या भाषेत आणताना पहिला अडसर शब्दांचा येतो. चिनी ग्रंथांत हृदय, यकृत, फुप्फुस, प्लीहा आणि वृक्क ही पाच प्रमुख इंद्रिये मानली आहेत. पण शरीरशास्त्राच्या पुस्तकातील चित्र डोळ्यांपुढे ठेवून हे शब्द वाचले, तर सारा अर्थ हातचा निसटतो. तेथे प्लीहा म्हणजे केवळ बरगडीखालील पानथरी नव्हे. अन्न पचवून त्याचे रक्त आणि बळ करणाऱ्या सर्व व्यापाराला तेथे प्लीहा म्हणतात. आपल्याकडे ज्याला जठराग्नी म्हणतात, त्याच्या बरीच जवळ जाणारी ही कल्पना आहे. यकृत हे रक्ताचे कोठार आणि रागाचे घर मानले आहे. वृक्क हे शरीरातील शीतल जलतत्त्वाचे मूळ होय.

या पाच इंद्रियांत मनाच्या पाच शक्ती वास करतात, अशी ही कल्पना आहे. हृदयात ‘शन’ राहतो. शन म्हणजे जाणीव, चित्त, डोळ्यांत दिसणारे तेज. यकृतात ‘हुन’ राहतो. या शब्दाच्या चिनी अक्षरात ढग आणि प्रेतात्मा या दोन्हींची चिन्हे एकत्र जोडलेली आहेत. हुन हा ढगासारखा हलका व भटका जीवांश होय. फुप्फुसात ‘पो’, प्लीहेत विचारशक्ती आणि वृक्कात इच्छाशक्ती राहते.

दिवसा शन डोळ्यांवाटे जगात वावरतो. रात्री तो हृदयात परततो आणि हुन यकृतात विसावतो, म्हणून माणसाला झोप लागते. हृदयात त्याला टेकावयास पुरेसे रक्त नसेल, किंवा तेथे आग पेटलेली असेल, तर शन अस्वस्थ होतो आणि माणूस जागा राहतो. यकृतातील रक्त अपुरे असेल, तर हुनाला आसरा मिळत नाही. तो रात्रभर भटकतो, आणि त्याची ही भटकंती म्हणजेच स्वप्नांची रांग.

ही वर्णने आजच्या अर्थाने शरीरशास्त्र नव्हेत. ती रूपके आहेत. पण ‘दिवसभर बाहेर वावरलेल्या चित्ताला रात्री टेकावयास जागा हवी’ हे रूपक पुष्कळ अर्थपूर्ण आहे, हे कोणीही मान्य करील.

दिवस आणि रात्र

चिनी वैद्यकाचा मूळ ग्रंथ म्हणजे ‘ह्वांगती नेइचिंग’. पीत सम्राटाच्या नावाने ओळखला जाणारा हा ग्रंथ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, हान राजवटीच्या काळात आज ज्ञात असलेल्या रूपास आला. सम्राट प्रश्न विचारतो आणि त्याचे वैद्यमंत्री उत्तरे देतात, अशी त्याची संवादरूप मांडणी आहे.

निद्रेविषयी या ग्रंथाचे मत असे की, शरीराचे रक्षण करणारा एक प्राणप्रवाह दिवसा शरीराच्या बाह्य भागात पंचवीस फेऱ्या घालतो आणि रात्री अंतर्भागात पंचवीस फेऱ्या घालतो. बाह्य भाग हा ‘यांग’, म्हणजे प्रकाश, उष्णता व हालचाल यांचा. अंतर्भाग हा ‘यिन’, म्हणजे छाया, शीतलता व विश्रांती यांचा. प्रवाह आत वळला की झोप येते आणि बाहेर आला की जाग येते. तो आत वळू शकला नाही, तर निद्रानाश होतो. मग वैद्याने शोधावयाचे ते एवढेच की, वाट कोठे अडली आहे?

याच ग्रंथात सम्राट आणखी एक प्रश्न विचारतो. म्हाताऱ्यांना रात्री झोप का येत नाही, आणि तरुणांना दिवसा डुलकी का येत नाही? त्याला मिळालेल्या उत्तराचा आशय असा की, तरुणांचे रक्त व बळ भरपूर आणि त्यांचे मार्ग मोकळे असतात, म्हणून दिवस आणि रात्र आपापल्या जागी राहतात. वृद्धांचे रक्त व बळ उणावते आणि मार्ग रुक्ष होतात, म्हणून दिवस पुरता दिवस राहत नाही आणि रात्र पुरती रात्र राहत नाही. वार्धक्यात गाढ झोपेचा अंश कमी होतो आणि झोप तुटक होते, असे आजचे शास्त्रही सांगते. कारणे वेगळी दिली असली तरी निरीक्षण अचूक होते. घरातील आजोबा रात्री तीन वाजता उठून बसतात, म्हणून चिडण्यापूर्वी हे ध्यानात ठेवलेले बरे.

निद्रेवरील एक अतिप्राचीन काढाही याच ग्रंथात दिला आहे. ‘पान-श्या’ नावाचा कंद आणि एक चिकट तृणधान्य, एवढीच त्यातील द्रव्ये. दुरून वाहत आलेले पाणी घ्यावे, ते असंख्य वेळा ढवळावे आणि बोरूच्या विस्तवावर काढा शिजवावा, अशी त्याची कृती सांगितली आहे. पान-श्या हा आपल्या अळू-सुरणाच्या कुळातील असून कच्चा असताना तसाच खाजरा आणि विषारी असतो. त्याची शुद्धी केल्याखेरीज वैद्य त्याला हात लावीत नाहीत. हा काढा पोटातील अडथळा दूर करून प्राणाची वाट मोकळी करतो, अशी समजूत होती. पोट ठीक नसेल तर झोप ठीक लागत नाही, हा विचार त्या ग्रंथात स्पष्टपणे आला आहे. रात्री उशिरा पोटभर जेवून लगेच अंथरुणावर पडणाऱ्यास तो पटावयास ग्रंथाची गरज नाही.

स्वप्नांची दखल

चीनमध्ये स्वप्नांची शुभाशुभ फळे सांगणारी पुस्तके आपल्याकडील स्वप्नफलाच्या पुस्तकांइतकीच लोकप्रिय होती. वैद्यांनी मात्र वेगळी वाट धरली. नेइचिंगच्या एका प्रकरणात स्वप्नांचा संबंध शरीराच्या स्थितीशी जोडला आहे. यिनचा अतिरेक झाला तर माणूस मोठ्या जलाशयातून भीत भीत चालल्याचे स्वप्न पाहतो. यांग वाढला तर आगीचे लोळ दिसतात. शरीराच्या वरच्या भागात जोर झाला तर उडण्याची आणि खालच्या भागात झाला तर कोसळण्याची स्वप्ने पडतात. उपाशी माणूस स्वप्नात घेत असतो, तर तुडुंब जेवलेला देत असतो. यकृतात अतिरेक असेल तर स्वप्नात राग येतो.

आपल्या चरकसंहितेनेही स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत. पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले, कल्पिलेले, भावी घटनेचे सूचक आणि दोषांमुळे पडणारे. यांपैकी शेवटचा प्रकार हा चिनी वैद्यांच्या विचाराचा सख्खा भाऊ शोभेल. आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ होत, असेही चरकाने म्हटले आहे. दोन थोर संस्कृतींतील वैद्य स्वप्नाचा शकुन बाजूस ठेवून झोपणाऱ्याच्या शरीराकडे पाहू लागले, ही गोष्ट लहान नव्हे.

स्वप्नात आग दिसली म्हणजे शरीरात उष्णता झालीच, असे आज कोणी मानू नये. परंतु ‘स्वप्न काय पडले?’ यापेक्षा ‘स्वप्न पडणाऱ्याचे कसे चालले आहे?’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे, एवढे त्यातून खचित घेता येते.

जागरणाचे पाच चेहरे

मिंग काळातील प्रख्यात वैद्य चांग च्ये-पिन (१५६३–१६४०) यांनी निद्रानाशाची ढोबळ विभागणी दोन वर्गांत केली. एका वर्गात शरीरात नको ते काही शिरलेले असते, तर दुसऱ्या वर्गात हवे ते उणावलेले असते. पहिल्यात काढून टाकावयाचे असते, दुसऱ्यात भरून काढावयाचे असते. दोन्हींना एकच औषध देणारा वैद्य एकाचे तरी नुकसान करणारच. पुढे या दोन वर्गांचे अनेक पोटभेद पाडले गेले. त्यांतील पाच मुख्य होत.

पहिला चेहरा अतिविचाराचा. अंथरुणावर पडल्यावर हिशेब, मुलांच्या परीक्षा, मुलीचे लग्न, असे विचारांचे चक्र सुरू होते. झोप हलकी लागते आणि स्वप्ने पुष्कळ पडतात. दिवसा छाती धडधडते, भूक मंद असते, ठेवलेल्या वस्तू सापडत नाहीत, चेहरा फिकट दिसतो. येथे चिंतेने प्लीहा दमली, ती पुरेसे रक्त करीना, म्हणून हृदय रिते पडले, असे निदान होते. यावरील ‘क्वेइ-फी’ हा काढा यन युंग-ह नावाच्या वैद्याने १२५३ च्या आपल्या ग्रंथात दिला आणि पुढे मिंग काळात त्यात आणखी दोन द्रव्यांची भर पडली. निद्रेच्या या औषधात भूक आणि बळ वाढविणारी द्रव्येच अधिक आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

दुसरा चेहरा कोंडलेल्या रागाचा. डोके ठणकते, तोंड कडू पडते, डोळे लाल होतात, क्षुल्लक कारणावरून तोल जातो आणि स्वप्नांत भांडणे होतात. याला यकृताचा अग्नी म्हणतात.

तिसरा चेहरा जड पोटाचा. छातीत दाटल्यासारखे होते, ढेकर येतात, जिभेवर जाड थर दिसतो. रात्री उशिरा घेतलेले तेलकट जेवण आणि मद्य यांचा येथे विशेष दोष मानतात.

चौथा चेहरा आटलेल्या पाण्याचा. तळहात-तळपाय तापतात, रात्री घाम येतो, घसा कोरडा पडतो, मध्यरात्रीनंतर जाग येते. मध्यम वयातील स्त्रियांच्या तक्रारींशी हे वर्णन पुष्कळदा जुळते. हृदयाचा अग्नी खाली उतरत नाही आणि वृक्काचे जल वर चढत नाही, म्हणून दोघांची भेट होत नाही, असे चिनी वैद्य म्हणतात. यावर कडू ‘ह्वांग-ल्यन’ आणि दालचिनीच्या जातीची साल अशा दोनच द्रव्यांची एक गोळी प्रसिद्ध आहे. ह्वांग-ल्यनची एक बहीण अरुणाचल प्रदेशातील मिश्मी टेकड्यांत उगवते आणि ‘मिश्मी तीता’ या नावाने ओळखली जाते.

पाचवा चेहरा भयाचा. माणूस दचकून जागा होतो, एकटे झोपण्यास धजत नाही, स्वप्नांत कोणी तरी पाठीस लागलेले असते. धैर्याचे स्थान आपण काळजात मानतो, चिनी लोक पित्ताशयात मानतात. धाडसी माणसाचे पित्ताशय मोठे असते, असे त्यांच्या बोलण्यात येते. म्हणून या व्यथेला ते दुर्बळ पित्ताशय म्हणतात.

याखेरीज आणखी एका काढ्याचा उल्लेख करावयास हवा. पूर्व हान राजवटीच्या अखेरीस होऊन गेलेले चांग चुंग-चिंग हे चिनी वैद्यकाचे आचार्य मानले जातात. शरीर थकून गेले आहे, पण आतली तगमग झोपू देत नाही, अशा अवस्थेवर त्यांनी पाच द्रव्यांचा काढा सांगितला. त्यातील मुख्य द्रव्य म्हणजे ‘स्वान-चाओ-रन’, अर्थात आपल्या बोरीच्याच कुळातील एका काटेरी चिनी रानबोरीच्या बिया. याच आचार्यांचा दुसरा एक काढा केवळ गहू, ज्येष्ठमध आणि चिनी बोरे या तीन द्रव्यांचा आहे. विनाकारण रडू येणाऱ्या, मन थाऱ्यावर नसलेल्या स्त्रियांसाठी तो सांगितला आहे. अठराशे वर्षांपूर्वीच्या एका वैद्याने अशा स्त्रीला ढोंगी न म्हणता तिच्यासाठी काढा लिहून ठेवला, हे आजही कित्येक घरांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

सुया आणि दाब

काढ्यांबरोबर अॅक्युपंक्चर, म्हणजे बारीक सुया टोचण्याची चिकित्सा, आणि त्याच बिंदूंवर बोटांनी दाब देण्याची रीतही वापरली जाते. निद्रेसाठी सर्वाधिक वापरला जाणारा बिंदू मनगटाच्या आतील आडव्या रेषेवर, करंगळीच्या बाजूच्या खळग्यात असतो. त्याचे नाव ‘शन-मन’, म्हणजे चित्ताचे द्वार. दुसरा बिंदू पायाच्या आतील घोट्यापासून चार बोटे वर, नडगीच्या हाडामागे असतो. गरोदर स्त्रियांनी या दुसऱ्या बिंदूवर दाब देऊ नये, असा परंपरेचाच दंडक आहे.

ही विद्या आपल्या देशात येण्याचा इतिहासही उद्बोधक आहे. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यास पाच भारतीय डॉक्टरांचे पथक गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. डॉ. कोटणीसांनी १९४२ साली चीनमध्येच देह ठेवला. त्यांचे सहकारी, कलकत्त्याचे डॉ. बसू, पुढे पुन्हा चीनला गेले, तेथे सुयांची चिकित्सा शिकले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनी ती कलकत्त्यात सुरू केली. २००३ साली भारत सरकारने या चिकित्सेस उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली आणि २०१९ साली तिला स्वतंत्र पद्धतीचे स्थान मिळाले. महाराष्ट्रात २०१५ च्या अधिनियमाने तिच्या व्यवसायाचे नियमन केले आहे. म्हणून सुया टोचून घ्यावयाच्या तर नोंदणीकृत चिकित्सकाकडूनच घ्याव्यात, आणि सुया निर्जंतुक व एकदाच वापरावयाच्या आहेत, याची खात्री करून घ्यावी.

आजचे शास्त्र काय म्हणते?

१९५३ साली शिकागो विद्यापीठातील आसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी एक शोध जाहीर केला. झोपेत ठराविक अंतराने बंद पापण्यांखाली डोळ्यांची जलद हालचाल होते आणि त्या वेळी उठविले असता माणूस बहुधा स्वप्न सांगतो. ही अवस्था प्रत्येक रात्री चार-पाच वेळा येते आणि पहाटेकडे लांबत जाते. प्रौढ माणसाच्या निद्रेचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा तिने व्यापलेला असतो.

म्हणजे स्वप्ने सर्वांनाच पडतात. ‘मला फार स्वप्ने पडतात’ असे म्हणणाऱ्याला बहुधा स्वप्ने अधिक पडत नसून जाग अधिक वेळा येत असते. जाग आली की हातातले स्वप्न लक्षात राहते, गाढ झोपून गेलेल्याचे ते विरून जाते. झोप तुटणे आणि स्वप्ने आठवणे या दोन गोष्टी चिनी वैद्यांनी एकत्र बांधल्या, यात मोठे मर्म होते. त्यांनी सांगितलेले कारण आज टिकत नाही, पण त्यांनी बांधलेली जोडी टिकते.

उपचारांच्या गुणाविषयी मात्र सावधपणे बोलले पाहिजे. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१२ साली निद्रानाशावरील सुयांच्या ३३ चाचण्या तपासल्या. काही चाचण्यांत गुण दिसला, परंतु बहुतेक चाचण्या लहान किंवा सदोष असल्यामुळे ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असा तिचा अभिप्राय पडला. रानबोरीच्या बियांतील द्रव्यांचा शामक परिणाम प्राण्यांवरील प्रयोगांत आढळला आहे. पण प्रयोगशाळेतील उंदीर आणि घरातील आजी यांत अंतर आहे.

‘वनस्पतीचे औषध म्हणजे निरुपद्रवी’ हा समज तर सर्वांत घातक होय. यकृताचा अग्नी शमविणाऱ्या एका प्रसिद्ध चिनी काढ्यात मूळ वेलीच्या जागी ‘क्वान-मु-थुंग’ नावाची दुसरी वेल वापरली जाऊ लागली. या वेलीतील अॅरिस्टोलोकिक आम्लाने कित्येकांची मूत्रपिंडे निकामी झाली. अखेर २००३ साली चीन सरकारनेच तिचा औषधी उपयोग रद्द केला. चित्त शांत करणाऱ्या काही जुन्या गोळ्यांत हिंगूळ असतो, आणि हिंगुळात पारा असतो. आपल्या परिचयाचे ज्येष्ठमधही पुष्कळ दिवस भरपूर घेतले तर रक्तदाब वाढवते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांस यांतील कित्येक द्रव्ये बाधतात. म्हणून दूरदेशीच्या गोळ्या टपालाने मागवून घेण्याचा मोह टाळावा, हेच उत्तम.

रात्री एक ते तीन हा यकृताचा प्रहर असतो, त्या वेळी जाग आली म्हणजे यकृत बिघडले, असेही काही लोक छातीठोकपणे सांगतात. इंद्रियांचे प्रहर ही चिनी परंपरेतील एक कल्पना आहे. तिच्यावरून रोगाचे निदान होत नाही. तपासणी केल्यावाचून कोणी यकृताचे औषध घेऊ नये.

घरात काय करावे?

दीर्घकाळच्या निद्रानाशावर आजचे डॉक्टर गोळीपूर्वी सवयी व विचार बदलण्याची चिकित्सा सुचवितात. अमेरिकेतील अंतर्गत वैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली तिलाच पहिले स्थान दिले. रोज ठरलेल्या वेळी उठावे, मग रात्र कशीही गेलेली असो. सुमारे वीस मिनिटांत झोप आली नाही तर अंथरूण सोडून मंद प्रकाशात शांत बसावे आणि डोळे जड झाले की परतावे. अंथरुणावर हिशेब, मोबाइल आणि वादविवाद आणू नयेत. दुपारची झोप थोडी ठेवावी. चहा-कॉफी दुपारनंतर टाळावी. मद्याने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप तुटते आणि स्वप्ने उसळतात.

निजण्यापूर्वी कोमट पाण्यात पाय बुडवून बसण्याची चिनी घरांतील रीत आपल्याकडेही सहज पाळता येईल. पाय ऊबदार झाले की झोप लवकर लागते, असे स्वित्झर्लंडमधील संशोधकांना १९९९ साली आढळून आले. मधुमेह असणाऱ्यांच्या पायांना उष्णता नीट कळत नाही, म्हणून त्यांचे पाणी दुसऱ्याने हात घालून पाहावे.

आणि चिनी वैद्याचे प्रश्न घरातच विचारावेत. डोळा लागत नाही, की लागून तुटतो? किती वाजता? रात्रीचे जेवण केव्हा आणि कसे झाले? घाम येतो का? छाती धडधडते का? दिवसा कोणाचा राग गिळला? कशाची धास्ती आहे? आठ-पंधरा दिवस ही उत्तरे एका वहीत लिहून ठेवली आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवली, तर त्यांचे अर्धे काम हलके होईल. चालू असलेल्या औषधांची नावेही त्यात लिहावीत. मनाच्या उदासीनतेवरील आणि रक्तदाबावरील काही औषधांनी स्वप्ने तीव्र होतात. मात्र अशी औषधे किंवा झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करू नयेत, त्याने अनर्थ होतो.

काही लक्षणे दिसली तर वेळ न दवडता डॉक्टरांस भेटावे. जोराने घोरताना मध्येच श्वास अडकणे. झोपेत स्वप्नाबरोबर ओरडणे, लाथा मारणे किंवा अंथरुणावरून पडणे, विशेषतः पन्नाशीनंतर, कारण तो पुढील मज्जाविकाराचा पूर्वसंकेत असू शकतो. एखाद्या भीषण प्रसंगाची स्वप्ने पुनःपुन्हा पडणे. आणि झोप नाही, अन्नावर वासना नाही, जगण्यात राम वाटत नाही, असे कोणी म्हणू लागणे. या शेवटच्या माणसास त्या दिवशी एकटे सोडू नये.

पुष्कळ कुटुंबांत रात्री जागे राहणारे माणूस अंधारात एकटेच असते. इतरांची झोप मोडू नये म्हणून ते दिवा लावीत नाही आणि सकाळी चहाच्या वेळी काही सांगत नाही. सून असेल तर त्याहूनही सांगत नाही. चिनी वैद्य नाडीवर बोटे ठेवून जे विचारतो, त्यातील निम्मे तरी घरातील माणसांनी आपणहून विचारण्यासारखे आहे. ‘काल रात्री झोप लागली का?’ एवढे विचारून उत्तर येईपर्यंत थांबावे. त्याला औषध लागत नाही, आणि कित्येक वेळा पुढील रात्रीची झोप तेथूनच सुरू होते.